कपाळाचं काम: प्रकल्प नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

कारखान्यात नव्या टॉवेलचं काम आलं की वहीच्या पहिल्या पानावर मी तीन गोष्टी लिहिते. गिऱ्हाइकाला काय हवंय, माप काय, आणि मागच्या वेळी कुठे फसलो. चेहऱ्याचं कामही तसंच धरायचं ठरवलं.

गिऱ्हाईक मीच. हवंय ते असं: दाढी लेसरने गेली, केस वाढले, हार्मोन्सला चार वर्षं होऊन गेली, तरी अनोळखी माणूस पहिल्या नजरेला 'दादा' म्हणतो. ते थांबायला पाहिजे. देखणं दिसणं या ऑर्डरीत धरलेलं नाही. सोबत आलं तर परत पाठवणार नाही, एवढंच.

मागच्या वेळी कुठे फसलो: २०२२ मध्ये, शहरातल्याच एका स्किन क्लिनिकात. 'थ्रेड लिफ्ट करून घ्या, चेहरा उचलला जातो, जास्त फेमिनिन दिसतो.' पीडीओचे विरघळणारे दोरे, डॉक्टर आतल्या टाक्यांना वापरतात त्याच जातीचे. सगळी कमाई धाग्यावरच चाललीय, म्हटलं थोडे चेहऱ्यातही घालू. आठ दोरे घातले. दोन महिने भुवया वर राहिल्या आणि मी आरशापुढून हलले नाही. मग दोऱ्यांची पकड सुटली, भुवया आपल्या जागी येऊन बसल्या. डाव्या गालाला एक खळी तेवढी उरली, ती हसताना पडत नाही, जांभई देताना पडते. दोष निम्मा त्यांचा, निम्मा माझा. 'उचलून द्या' म्हणाले. काय उचलायचं आणि कशासाठी, हे मी विचारलंच नाही.

१ डिसेंबर २०२४, रविवार

मापं घेतली. आधी फोटोचा घोळ निस्तरला. हातात फोन धरून काढलेला फोटो या कामाला कुचकामाचा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवलाय की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे आजवर सेल्फी बघून मी नाकावर जो राग काढला, तो निम्मा कॅमेऱ्याचा होता.

फोन स्टुलावर, पाच फुटांवर, खिडकी समोर. छताच्या हुकाला सूत बांधून खाली बोल्ट लटकवला, ओळंबा झाला. डोकं सरळ म्हणजे कसं, याचाही नियम आहे: कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत हवी. समोरून एक, तिरके दोन, बाजूने दोन. आई दारातून बघत होती. म्हणाली, "पासपोर्ट काढायचाय का?"

मापं: नाकाच्या बुडापासून वरच्या ओठापर्यंत १७ मिलिमीटर. भुवईपासून केसांपर्यंत साडेसहा सेंटिमीटर, दोन्ही कोपऱ्यांत केस मागे सरकलेले. भुवई हाडाच्या कडेवर बसलेली, सरळ, काठी ठेवल्यासारखी. बायकांची भुवई त्या कडेच्या थोडी वर असते आणि बाहेरच्या टोकाकडे तिला कमान येते.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा दिवस. यात्रा बघायला अक्काबरोबर गेले. अक्का म्हणजे शेजारीण, घरी तेलुगू, बाहेर मराठी, मांडीवरच्या सुपात विड्या वळता वळता सगळ्या गल्लीची खबर ठेवणारी. नंदीध्वज आले, 'बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' झालं, आणि त्या पांढऱ्या बाराबंद्यांच्या गर्दीत दोन तास माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. सुख होतं.

मग दर्शनाची रांग. पुढची बाई वळली, वर बघितलं आणि म्हणाली, "ओ दादा, ही बायकांची रांग आहे." साडी नेसलेल्या माणसाला. अक्का तिच्या अंगावर गेली, पण बाई काही वाईट नव्हती. तिने आधी चेहरा बघितला, साडी नंतर. तोंडावर हात घेऊन "अगं बाई, सॉरी" म्हणाली.

रात्री अक्काच्या मुलीने फोटो पाठवले. एकात मी हसतेय, त्यात काहीच खटकत नाही. दुसऱ्यात रांगेत उभी आहे, गप्प, आणि कोणावर तरी चिडल्यासारखी. मी चिडले नव्हते. पायाला खडे टोचत होते.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

ही नोंद लांबणार.

जानेवारीच्या अखेरीपासून खिशात छोटी डायरी ठेवली. अनोळखी माणसाने 'दादा' म्हटलं की ताई, आणि तेव्हा उजेड कुठून येत होता. तीन आठवड्यांची पानं आज एका जागी लावली. सकाळी दूध आणायला जाते तेव्हा ऊन तिरकं, समोरून: बहुतेक वेळा 'ताई'. दुपारी बारा-एकला नवी पेठेत, डोक्यावर ऊन: 'दादा'. मेडिकलच्या दुकानात, छतावर ट्यूबलाइट: 'दादा', 'दादा', एकदा 'सर'. माणसं तीच, कपडे तेच.

मग डोक्यात उजेड पडला, आणि तो कारखान्यातूनच आला. जॅकार्डच्या टॉवेलवर फूल उठवायचं असेल तर रंग बदलावाच लागतो असं नाही. लूप एका जागी उंच, शेजारी सपाट ठेवले की पांढऱ्यावर पांढरं फूलही दिसतं. दिसते ती सावली. आमचे मास्तर नमुना कधीच समोरून बघत नाहीत. ट्यूबखाली आडवा धरतात आणि म्हणतात, "आता बघ बे, चोरी दिसते." आताशा ते मला 'बे' म्हणत नाहीत. मानाने बोलतात. कधी कधी त्या 'बे'ची आठवण येते, ते जाऊ दे.

घरी ट्यूबखाली आरसा आडवा धरला. भुवयांच्या मागे, नाकाच्या मुळाच्या वर, हाडाचा एक कठडा आहे. त्याची सावली डोळ्यांवर पडते. त्या सावलीत डोळे आत गेलेले, दमलेले, रागावलेले दिसतात. हसले की गाल वर येतात, डोळे मिटतात, बघणाऱ्याचं लक्ष खाली जातं. म्हणून गड्ड्याच्या फोटोत हसताना खटकलं नाही.

या कठड्याचं वाचलं. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने हे हाड वाढतं. नंतर कितीही एस्ट्रोजेन घेतलं तरी हाड मागे जात नाही. चरबी, कातडी, केस बदलतात, हाड आहे तिथेच. आणि इथे नुसतं हाड नाही, आत हवेची पोकळी आहे, सर्दी झाली की जड होते तीच. सॅन फ्रान्सिस्कोचे डग्लस आउस्टरहाउट, कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांचे सर्जन, त्यांनी १९८७ मध्ये कपाळावर लेख लिहिला. त्यात कपाळांचे गट पाडले. कोणाचं नुसतं घासून भागतं. कोणाच्या पोकळीवरची भिंत पातळ असते, घासत गेलं तर भोकच पडेल. तिथे पुढची भिंत कापून काढायची, आकार द्यायचा आणि मागे सरकवून बसवायची.

दोऱ्यांनी काय केलं होतं ते आता कळलं. कठडा तसाच ठेवून त्यावरचं कापड वर ओढलं होतं.

३० मार्च २०२५, रविवार

पाडवा. गुढीला कारखान्यातलाच टॉवेल, आईला ते पसंत नाही.

गेल्या महिन्यात तीन ठिकाणी फोटो पाठवून विचारलं. एका ठिकाणाहून अर्ध्या तासात यादी आली: कपाळ, भुवया, पापण्या, नाक, गालाला फिलर, ओठ, हनुवटी, जबड्याचे कोपरे, कंठमणी, मानेला लिफ्ट आणि त्यावर 'पूर्ण पॅकेज' म्हणून सूट. अकरा कलमं धरली होती, सूट हीच अकरावी. माझं एक वाक्यही कोणी वाचलेलं नव्हतं. आकडा बघून फोन पालथा ठेवला.

पुण्याच्या एका सर्जनबाईंनी मात्र उलट प्रश्न पाठवले. लोक कुठे अडखळतात? कुठल्या उजेडात? काय बदलायचं नाही? डायरीचा फोटो पाठवला. एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी आहेत, वैद्यक परिषदेची नोंदणी तपासली, कपाळाची किती कामं केलीत तेही विचारलं. विचारताना जीभ अडत होती, त्यांनी सरळ उत्तर दिलं.

जबडा यादीतून मी स्वतः काढला. कारण सांगते: दोन आठवडे बसमध्ये, भाजीबाजारात, मागांवर बायकांचे जबडे बघितले. रुंद जबड्याच्या बायका वाटेल तेवढ्या आहेत. आईचाच बघा, चौकोनी. जन्मभर कडक भाकरी चावून बाजूचे स्नायूही तसेच झालेत. तिला कोणी कधी 'दादा' म्हटलं नाही. भुवईला माझ्यासारखा कठडा असलेली बाई एकही दिसली नाही. बघायला गेले आणि दोनदा शिव्या खाल्ल्या.

१७ एप्रिल २०२५, गुरुवार

पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुणे. सीटी स्कॅन. एक मिलिमीटरहून पातळ काप, दहा मिनिटांचं काम.

डॉक्टरांनी पडद्यावर कपाळाचा आडवा काप दाखवला. पोकळी मोठी, काळी, फुलपाखरासारखी पसरलेली. पुढची भिंत पातळ. म्हणाल्या, "घासून तुमचं काम होणार नाही." म्हणजे भिंत काढून मागे बसवायची, टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रूने. डोळ्यांच्या वरची कडही घासायची. चीर केसांच्या रेषेवरून, दोन्ही बाजूंना केसांत. त्याच चिरेतून केसांची रेषा थोडी पुढे आणायची आणि भुवया वर घ्यायच्या. भुवई उचलणं यादीत आलं, पण शेवटी आणि फुकटात. हाड मागे गेलं की वरचं कापड सैल पडतं, ते ताणून बसवावंच लागतं.

धोके त्यांनी आपणहून सांगितले. डोक्याचा वरचा भाग काही महिने बधिर राहील, थोडा कायमचाही राहू शकतो. भुवई उचलणारी चेहऱ्याची नस जवळून जाते, ती दुखावली तर एक भुवई लुळी. चिरेजवळचे केस गळू शकतात. पोकळीत जंतू शिरले तर पुढे त्रास. मेंदूच्या वेष्टनाला इजा फार क्वचित होते, पण त्यांनी तेही सांगितलं. मी लिहून घेत होते, त्या थांबत होत्या.

"सिगारेट, तंबाखू?" नाही म्हणाले.

१८ एप्रिल २०२५

सकाळी दात घासताना आठवलं. मिश्री! आईच्या डबीतली, लहानपणापासून. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच, पण हातात डबी असताना कोणाला तंबाखू आठवतो? डॉक्टरांना मेसेज केला. फोन आला: निकोटीनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, चिरेच्या कडेला रक्त पोचत नाही, कातडी काळी पडून मरते, केस जातात. निदान चार आठवडे आधी आणि नंतरही बंद. कमी करून चालणार नाही.

मी आजच बंद केली. आई म्हणाली, "डबीला काय झालं?"

११ मे २०२५, रविवार

मिश्रीशिवाय तेविसावा दिवस. पहिला आठवडा कोणाशी धड बोलले नाही.

स्कॅनची सीडी घरी आणलीय. ३डी स्लायसर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हाडाची घनता निवडली की कवटी वेगळी निघते. डिझाईनच्या सवयीने दोन रात्रींत जमलं. ओळखीच्या पोराकडे थ्रीडी प्रिंटर आहे, त्याने फक्त कपाळ आणि डोळ्यांच्या खोबण्या छापून दिल्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या. अकरा तास लागले.

टेबलावर ठेवून डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. कपाळावरून खाली येताना अंगठा चढ चढतो, कठड्यावर थांबतो, मग एकदम डोळ्याच्या खोबणीत पडतो. तसाच माझ्या कपाळावर फिरवला, तोच चढ, वर कातडी आणि घाम. मग आईला म्हटलं, जरा कपाळ दे. तिचं कपाळ भुवईपर्यंत सरळ उतरतं, अंगठ्याला कुठे थांबावंच लागत नाही. डिझाईनमध्ये इतकी साधी रेषा काढायला तास जातो.

आई प्लास्टिककडे बघून म्हणाली, "रात्री त्याच्यावर फडकं टाकत जा."

बाहेर बेचाळीस. मेमध्ये हे काम कशाला करायचं नाही हे कोणी सांगायला नको: घाम, पट्टीखाली खाज, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा ताजा वण उन्हाने काळा पडतो तो पडतोच. दिवाळीनंतर. तेव्हा कारखान्यातही ऑर्डरी उतरलेल्या असतात.

८ ऑगस्ट २०२५

कागदपत्रं. विम्याच्या पॉलिसीत कायमच्या वगळलेल्या गोष्टींची यादी असते, आणि तिचे क्रमांक सगळ्या कंपन्यांत एकच. क्रमांक ७: लिंगबदलाचे उपचार. क्रमांक ८: सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी. माझ्या एका कपाळावर दोन फुल्या. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायद्याच्या कलम १५ मध्ये शस्त्रक्रिया, हार्मोन्स, लेसरच्या खर्चासाठी विमा योजनेची तरतूद लिहिलेली आहे. एजंटला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे," आणि चहा मागवला.

तेव्हा भिशी. दोन भिशा, एक कारखान्यातली, एक अक्काच्या गल्लीतली. अक्काने माझा नंबर ऑक्टोबरला लावून घेतला.

मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र मिळालं. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या २०२२ च्या आठव्या मार्गदर्शिकेत अशा कामाला एक पत्र पुरेसं धरलंय आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियाही त्यात येतात. एस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याची भीती थोडी वाढते, म्हणून हार्मोन्सवाले डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघं मिळून काय ते ठरवतील. मी मध्ये पडणार नाही.

आईला आज सविस्तर सांगितलं. "मला नाही ते बघवायचं," म्हणाली. अक्का येते म्हणाली सोबत.

आईचं एक लिहून ठेवते. चार-पाच वर्षं तिने मला 'आलास' म्हटलं नाही आणि 'आलीस'ही नाही. 'जेवलास का' ऐवजी 'जेवण झालं का'. 'कुठे गेला होतास' ऐवजी 'कुठे जाणं झालं'. मराठीत असं बोलायला डोकं लागतं, आणि ती दिवसभर न चुकता बोलते. अक्काला हा ताप नाही. तिच्या तेलुगूत 'एप्पुडु वच्चावु', कधी आलास की आलीस, दोन्हीला एकच. म्हणून मला लहानपणापासून तिच्या घरी बरं वाटायचं की काय कोण जाणे.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सीनेच्या पुराने सप्टेंबरमधली पुण्याची फेरी हुकली, ती काल झाली. शेवटचा आराखडा.

ओठ बाद. १७ मिलिमीटर लांब आहे, नाकाखालून कातडीची पट्टी काढून आखूड करता येतो, मला तो हवाही होता. पण डॉक्टरांनी कानाची पाळी वळवून बघितली. टोचलेल्या जागी मागे वाटाण्याएवढी गाठ आहे, मी कानातल्याने झाकते. वण वाढायची प्रवृत्ती. केसांच्या रेषेवरचा वण केसांनी झाकता येईल, तिरकी चीर दिली तर केस त्यातूनही उगवतात. नाकाखालचा वण कशाने झाकू? आणि तिथली कापलेली कातडी परत लावता येत नाही. आधी कपाळ, त्याचा वण वर्षभर कसा भरतो ते बघू, मग बोलू. वाईट वाटलं, पण पटलं. कपाळावरच्या वणाचीही खात्री नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या.

नाकही नको. कठडा मागे गेला की नाकाचं मूळ वेगळं दिसायला लागतं, तेव्हा आज नाकाचं माप घेण्यात अर्थ नाही. अकरातलं एक राहिलं, त्याच्या पोटात भुवया.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

१७ तारखेला शस्त्रक्रिया. १५ला निघायचं.

घरची तयारी. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पुण्याहून परतायचा दिवस पाण्याच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी धरलाय, म्हणजे टाकी भरलेली असेल. डोकं उंच ठेवून झोपायचं, उश्या तीन. सूज आणि काळेनिळे डोळे दोन-तीन आठवडे, बहुतेक सूज दीड महिन्यात, खरा आकार कळायला सहा महिने ते वर्ष. तोपर्यंत ट्यूबखाली आरसा धरायचा नाही असं वहीत लाल पेनने लिहिलंय. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बंद. बर्फाच्या पिशव्यांना गुंडाळायला कारखान्यातून बारीक नॅपकिन आणले, बिनलुपाचे, टाक्यांत अडकायला नकोत म्हणून.

कारखान्यात हजेरीचं यंत्र चेहरा बघून दार उघडतं. मास्तरांना म्हटलं, महिनाभराने ते मला ओळखणार नाही. म्हणाले, "मी ओळखतो ना बे."

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

बॅग भरली. प्लास्टिकचं कपाळ डॉक्टरांनी मागितलंय, नॅपकिनात गुंडाळून वर ठेवलं. अक्काचा गुडघा परवापासून सुजलाय, तिला जिना उतरता येत नाही. एकटीने जाते म्हणाले. आई स्वयंपाकघरात शेंगाचटणी कुटत होती, काही बोलली नाही.

रात्री दिवा घालवताना तिने विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

'निघायचं' या शब्दात कोण ते कळत नाही. साडेपाचला, म्हटलं. पाणी प्यायला उठले तर दाराशी माझ्या बॅगेला टेकून तिची कापडी पिशवी होती, वर भाकरीचा डबा. मिश्रीची डबी खिडकीतच राहिली होती.